टाइमशेअर घेण्याआधी कागद कसा वाचायचा, आणि सही झालीच असेल तर बाहेर कसं पडायचं

"अभिनंदन मॅडम, लकी ड्रॉमध्ये तुमचं कूपन निघालंय! तीन रात्री, चार दिवसांची सहल फुकट!" असा फोन आला, की ते कूपन आपण कुठे भरलं होतं ते आधी आठवा. पेट्रोल पंपावर, मॉलमध्ये नाहीतर एखाद्या गृहप्रदर्शनात कुणीतरी छापील चिठ्ठी पुढे केलेली असते. आपण घाईघाईत नाव, मोबाईल, वय, नोकरी, गाडी आहे का आणि क्रेडिट कार्ड आहे का, एवढं सगळं लिहून देतो. टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक रात्री राहण्याचा हक्क, विकणाऱ्या कंपन्या पुढे कोणाला फोन करायचा, ते या माहितीवरून ठरवतात. बक्षीस घ्यायला हॉटेलच्या हॉलमधल्या त्यांच्या विक्रीच्या बैठकीला नवरा-बायको दोघांनी मिळूनच यायचं अशी अट असते, कारण "घरी विचारून सांगतो" म्हणायची सोय त्यांना ठेवायची नसते.

मी बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे. नाशिकला आमच्या कॉलनीत कुणाला विम्याचा, कर्जाचा, बिल्डरचा कागद समजला नाही, की तो माझ्याकडे येतो. त्यात टाइमशेअरच्या फायली वाढत चालल्या आहेत. घेऊन येणारी माणसं शिकलेली असतात, हिशेबी असतात. तरीही सही करून आलेली असतात, कारण कागद घरी आणून शांतपणे वाचायची संधीच त्यांना मिळालेली नसते. ती संधी कशी मिळवायची आणि मिळाली तर कागदात काय बघायचं, ते इथे लिहिते आहे.

नेमकं काय विकत घेतो आहोत?

आपल्याकडे बहुतेक योजनांत तुम्ही खोली विकत घेत नाही. ठरावीक वर्षं, साधारणपणे २५, दरवर्षी ठरावीक रात्री, बहुतेक ७, रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क घेता. सातबाऱ्यावर तुमचं नाव लागत नाही, इंडेक्स टू मिळत नाही, दुय्यम निबंधकाकडे कसली नोंद होत नाही. त्यावर कर्ज मिळत नाही. २५ वर्षं संपली की हातात काही उरत नाही. "सर, ही तुमची प्रॉपर्टीच झाली" असं विक्रेता म्हणाला, तर एकच विचारा: याचा दस्त नोंदणीकृत होणार का? उत्तर बहुधा "मेंबरशिप सर्टिफिकेट मिळेल" असं येईल. त्या सर्टिफिकेटला मालमत्ता समजू नका.

त्या हक्कालाही अटी असतात. जागा शिल्लक असेल तर, तुमच्या रंगाच्या हंगामात आणि वर्षाची वर्गणी भरलेली असेल तरच बुकिंग. या तीनही अटी नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा मनस्ताप यांच्यातूनच येतो.

रंगाचा घोळ

वर्षाचे आठवडे रंगांत वाटलेले असतात. सर्वात महाग जांभळा, मग लाल, मग पांढरा, सर्वात स्वस्त निळा. दिवाळी, नाताळ, मे महिन्याची सुट्टी असे गर्दीचे दिवस सहसा जांभळ्यात नाहीतर लाल रंगात जातात. वरचा रंग घेतलेला माणूस खालच्या हंगामात जाऊ शकतो, खालच्या रंगाच्या माणसाला वर जाता येत नाही. शिवाय हे कॅलेंडर प्रत्येक रिसॉर्टचं वेगळं. एकच आठवडा गोव्यात एका रंगाचा आणि थंड हवेच्या ठिकाणी दुसऱ्याच रंगाचा असू शकतो.

आमच्या शेजारच्या वहिनींची फाईल उघडली तेव्हा मला पहिल्यांदा हेच दिसलं. त्या आणि भाऊजी, दोघंही शाळेत शिक्षक. सुट्टी मिळणार ती दिवाळीत आणि मे महिन्यात. आणि त्यांना विकला होता निळा हंगाम! हप्ता परवडावा म्हणून विक्रेत्यानेच तो सुचवला होता आणि "बुकिंग आपण कधीही ॲडजस्ट करू" असं तोंडी सांगितलं होतं. म्हणजे जेव्हा घराबाहेर पडता येतं तेव्हा बुकिंग नाही आणि बुकिंग मिळतं तेव्हा शाळा चालू. त्यांची पाच वर्षांची मुलगी आत्ता कधीही नेता येईल, पण २५ वर्षांच्या करारात तिची दहावी येणार, बारावी येणार, आजी-आजोबांचे गुडघे येणार.

म्हणून सही करण्याआधी एक गोष्ट लेखी मागा: तुम्हाला खरोखर जायचं आहे त्या दोन-तीन ठिकाणांचं गेल्या वर्षाचं रंगांचं कॅलेंडर. मग समोरच्याला सांगा, "आत्ता तुमच्या लॅपटॉपवर येत्या मे महिन्यातल्या शनिवार-रविवारचं या रंगातलं बुकिंग दाखवा." दाखवता येत नसेल, तर पैसे भरल्यावरही परिस्थिती फार बदलणार नाही. बुकिंग किती दिवस आधी उघडतं, रद्द केलं तर रात्री परत जमा होतात का, न वापरलेल्या रात्री किती वर्षं पुढे नेता येतात, हे करारात शोधा. छापील पुस्तिकेत जे असतं ते करारात असेलच असं नाही.

परदेशी रिसॉर्टच्या अदलाबदलीचं आमिषही असतं. आरसीआय ही अशी अदलाबदल करणारी जुनी संस्था, १९७४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली. सोय खरी आहे, पण प्रत्येक अदलाबदलीचं शुल्क वेगळं, त्या संस्थेचं सभासदत्व वेगळं आणि विमानाचं तिकीट तर तुमचंच. विक्रेत्याच्या तक्त्यात हे रकाने रिकामे असतात.

हिशेब स्वतः मांडा

इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण हॉलमध्ये हाच हिशेब सर्वात चुकीचा मांडला जातो. तिथे असं सांगतात: साडेचार लाख भागिले २५ वर्षं, भागिले ७ रात्री, म्हणजे एका रात्रीला अडीच हजारांच्या जवळपास. "मॅडम, एवढ्यात चांगली लॉजसुद्धा मिळत नाही!"

आता बँकेत मांडतो तसा मांडू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्हाला सांगितलेले घाला. साडेचार लाख रुपये मुदत ठेवीत ७ टक्क्यांनी ठेवले असते, तर वर्षाला ३१,५०० रुपये व्याज आलं असतं. ते व्याज आता बुडालं, म्हणून तो खर्च धरायचा. त्यात वर्षाची वर्गणी, समजा १८,००० रुपये. झाले ४९,५००. सात रात्रींनी भागा: एका रात्रीला ७,००० रुपयांहून जास्त. सुट्टी मिळाली नाही म्हणून चारच रात्री वापरल्या, तर एक रात्र बारा हजारांच्या वर जाते. यात जेवण नाही, प्रवास नाही, जादा माणसाचे पैसे नाहीत. आणि मुदत ठेवीचं मुद्दल शेवटी परत मिळतं, इथे साडेचार लाख संपलेले असतात. वर्गणी आणि सभासदत्वावर जीएसटी लागतो. सांगितलेली रक्कम कर धरून आहे की सोडून, तेही विचारा.

हप्त्यांवर घेतलं तर आणखी वाढतं. दहा टक्के आधी भरून उरलेल्या ४,०५,००० रुपयांवर १५ टक्के व्याजाने ४८ हप्ते केले, तर महिन्याला ११,२७० रुपयांच्या आसपास बसतात. नुसतं व्याज होतं १ लाख ३६ हजार. "नो कॉस्ट ईएमआय" म्हणत असतील, तर एकरकमी भरल्यास किती सूट, ते विचारा. ती सूट म्हणजेच तुमचं व्याज.

या सगळ्यात लोकांना सर्वात जास्त दमवते ती वर्षाची वर्गणी. ती स्थिर नसते. महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे किंवा कंपनी ठरवेल तशी ती वाढेल, असं करारात लिहिलेलं असतं. १८,००० ची वर्गणी दरवर्षी ६ टक्के वाढली, तर पंचविसाव्या वर्षी ती जवळपास ७३,००० होते आणि २५ वर्षांत एकूण पावणेदहा लाखांच्या वर पैसे जातात. मूळ किमतीच्या दुपटीहून जास्त! तुम्ही जा किंवा जाऊ नका, ती भरायची. नाही भरली तर बुकिंग बंद, थकबाकीवर व्याज, आणि काही करारांत सभासदत्वच रद्द. निवृत्तीनंतर पेन्शनमधून ही रक्कम काढणारी माणसं मी बघितली आहेत. गुडघ्यांमुळे प्रवास थांबलेला असतो, वर्गणी थांबत नाही.

म्हणून करारात दोन ओळी शोधून त्यांवर पेन्सिलने खूण करा. वर्गणीला वरची मर्यादा आहे का? आणि सभासदत्व मध्येच सोडलं तर नेमके किती पैसे परत? पुष्कळ करारांत एकूण रकमेचे दोन भाग केलेले असतात, एक प्रवेश शुल्क आणि दुसरं वापराच्या हक्काचं. पहिला, बहुधा मोठा भाग, परत मिळत नाही असं लिहिलेलं असतं. दुसऱ्यातून वापरलेली वर्षं, थकबाकी आणि रद्द करण्याचा खर्च वजा होतो. उरलेलं काय ते तुमचं.

हॉलमध्ये कसं वागायचं

जायचंच असेल तर जा, पण एटीएम कार्ड, क्रेडिट कार्ड, चेकबुक घरी ठेवून जा आणि मोबाईलवरच्या पैशांची दिवसाची मर्यादा आधीच कमी करून ठेवा. माझ्या मते सर्वात उपयोगाचा उपाय हाच. "आज सही केली तरच ही किंमत" याला पैसेच जवळ नसणं एवढं एकच उत्तर पुरतं.

एका हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये भाचीबरोबर मी स्वतः बसले आहे. गोल टेबलं, मोठ्याने गाणी, मध्येच माईकवर "अमुक कुटुंबाचं अभिनंदन" आणि टाळ्या. आमच्या टेबलावरच्या मुलाने एक कोरा कागद घेतला आणि त्यावर भराभर आकडे लिहायला लागला: दरवर्षी सहलीला किती खर्च करता, महागाईने दहा वर्षांनी किती होईल, आमच्याकडे किती वाचेल. "बुकिंग १०० टक्के" असं लिहून त्याखाली दोन रेघाही ओढल्या. नाही म्हटल्यावर त्याचा साहेब आला, मग साहेबाचा साहेब, आणि दर वेळी किंमत उतरली. निघताना मी तो कागद मागितला. "तो आम्हाला रेकॉर्डला लागतो," म्हणून त्याने तो घडी करून खिशात टाकला.

तो कागद ते देत नाहीत, यामागे कारण आहे. करारात शेवटी कुठेतरी एक कलम असतं: प्रतिनिधीने तोंडी सांगितलेलं किंवा या कराराबाहेर लिहून दिलेलं काहीही कंपनीवर बंधनकारक नाही. या एका कलमाने हॉलमधली सगळी आश्वासनं पुसली जातात. तुम्ही काय करायचं? त्या कागदाचा समोरच फोटो काढा. जे आश्वासन तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे, मग ते मे महिन्यातलं बुकिंग असो, वर्गणी न वाढण्याचं असो किंवा पहिल्या वर्षी फुकट विमान तिकिटांचं, ते कंपनीच्या ई-मेलवरून लेखी मागा आणि ई-मेल आल्याशिवाय पैसे देऊ नका. कराराची कोरी प्रत घरी मागा. नाही दिली, तर उठा. वाईटपणा येईल म्हणून बसून राहण्याची गरज नाही. त्या मुलांची नोकरीच तशी आहे, त्यांच्यावर रागावू नका, पण त्यांच्या नोकरीसाठी तुमची बचतही मोडू नका.

"नाही वापरलंत तर व्याजासकट पैसे परत" असं कुणी म्हणालं, तर मात्र लगेच सावध व्हा. सहलीच्या नावाखाली ठेवी गोळा करण्याचा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्सने हॉटेलातल्या रात्री विकल्या, न वापरल्यास मुदतीनंतर वाढीव रक्कम देऊ असं सांगितलं. ही सामूहिक गुंतवणूक योजना आहे आणि तिची नोंदणी नाही, असं म्हणत भांडवली बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीने २०१४ मध्ये नवे पैसे घेण्यास मनाई केली आणि २०१६ मध्ये पैसे परत करण्याचा आदेश दिला. रक्कम ७ हजार कोटींच्या वर, गुंतवणूकदार ५१ लाखांच्या आसपास. रॉयल ट्विंकल स्टार क्लबच्या सहल योजनांवरही सेबीने अशीच कारवाई केली. यात पैसे घालणारे बहुतेक लहान पगाराचे, आणि एजंट त्यांच्याच ओळखीतले. राहण्याचा हक्क आणि परतावा एकाच कागदावर दिसला, की तो कागद खाली ठेवा.

सही झाली असेल तर

आधी तारीख बघा. आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे विचार बदलण्याची मुदत करारात असेल तेवढीच, बऱ्याच ठिकाणी १० दिवस. हे दिवस पैसे भरल्यापासून धरायचे की कागद हातात आल्यापासून, ते कलम काळजीपूर्वक वाचा आणि शंका असेल तर आधीची तारीख धरा. युरोपीय संघात २००८ च्या निर्देशानुसार १४ दिवस मिळतात, फ्लोरिडात कायद्याने १०. हे मुद्दाम सांगते, कारण अमेरिकेत मुलांकडे गेलेले आई-वडील फ्लोरिडातल्या ऑरलँडोला थीम पार्कची तिकिटं स्वस्तात मिळतात म्हणून असल्या बैठकीला बसतात. तिथेही मुदत मोजायची आणि त्याच आठवड्यात लेखी कळवायचं.

वहिनी सहाव्या दिवशी आल्या, म्हणून वाचल्या. आम्ही त्याच संध्याकाळी केलं ते असं. कंपनीच्या अधिकृत ई-मेलवर आणि करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने एकच मजकूर पाठवला: सभासद क्रमांक, सहीची तारीख, भरलेली रक्कम आणि कशाने भरली, करारातल्या अमुक कलमाखाली मी सभासदत्व रद्द करत आहे, पूर्ण रक्कम मूळ खात्यात परत करावी, यापुढे कोणताही हप्ता कापू नये. कारण लिहिलं नाही. कारण लिहिलं की ते दूर करायला फोन येतात, "मॅडम, आपण रंग बदलून देऊ." फोन आलेच, तर वहिनींनी एकच वाक्य म्हणायचं ठरलं होतं: "ई-मेलवर कळवा." भेट म्हणून मिळालेलं व्हाउचर त्यांनी वापरलं नव्हतं, ते फार बरं झालं. एकदा बुकिंग केलं किंवा भेट वापरली, की मुदत असली तरी रद्द करता येणार नाही, असंही काही करार म्हणतात. पैसे यायला वेळ लागला, दोनदा आठवण करावी लागली, पण आले.

हप्त्यांसाठी फायनान्स कंपनीचं कर्ज काढलं असेल, तर तिलाही त्याच दिवशी वेगळं पत्र द्या. ही माझ्या नोकरीतली गोष्ट आहे, म्हणून ठासून सांगते: सभासदत्व रद्द झालं म्हणजे कर्ज आपोआप बंद होत नाही. नुसते हप्ते थांबवले, तर सिबिल खराब होतं आणि पुढे घराच्या कर्जाला अडतं. कर्ज बंद झाल्याचं पत्र आणि ना हरकत दाखला हातात आला, की मगच बँकेत जाऊन खात्यातून हप्ता कापण्याची परवानगी रद्द करा.

मुदत उलटून गेली असेल, तर विकून मोकळं होऊ असा विचार येतो. दुसऱ्या हाताच्या टाइमशेअरला गिऱ्हाईक फार कमी आणि हस्तांतराचं शुल्क वर. याचाच फायदा घेणारे फोन येतात. कोथरूडच्या एका काकांना "तुमच्या मेंबरशिपला दुप्पट किंमत देणारी पार्टी तयार आहे, फक्त ना हरकत दाखल्याचे पैसे आधी भरा" असा फोन आला. भरल्यावर जीएसटीचे मागितले, मग हस्तांतराचे. पार्टी कधी आलीच नाही. विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे, असा व्यवहार खरा नसतो. पैसे गेले असतील, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

खोटं सांगून विकलं असेल किंवा वर्षानुवर्षं बुकिंगच दिलं नसेल, तर ग्राहक म्हणून तक्रार करा. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, काही प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं, तर कंपनीला लेखी नोटीस आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंतचे व्यवहार तिथे चालतात. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येतं, वकील सक्तीचा नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत हे करायला हवं, म्हणून प्रत्येक नाकारलेल्या बुकिंगचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. "वाद फक्त चेन्नईच्या न्यायालयात" किंवा "लवादाकडेच" असं कलम बघून खचू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि लवादाच्या कलमामुळे ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात मान्य केलं आहे. करारातली कलमंच अन्यायकारक आहेत असं म्हणायचं असेल, तर मात्र जिल्ह्याऐवजी राज्य आयोगाकडे जावं लागतं.

तक्रार चालू असताना कंपनी जादा रात्री किंवा व्हाउचर देऊ करते आणि "तडजोड झाली, यापुढे काही दावा नाही" अशा कागदावर सही मागते. तो कागद घरी आणा आणि त्यावर परत मिळणारी रक्कम, ती मिळण्याची तारीख आणि थकीत वर्गणी माफ झाल्याचं वाक्य आहे का, ते बघा. या तिन्हींतलं एक जरी नसलं, तरी सही करू नका.